चढावर चाक नाचतं तेव्हा

गेल्या पावसाळ्यात इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या वाटेवर, एका दगडाळ चढाला मावसभावाची पिकअप अडली. इंजिन बंद पडलं नव्हतं, चाकही रुतलं नव्हतं. क्लच सोडला की मागची चाकं जागच्या जागी धाडधाड उड्या मारायची. महिन्याभरापूर्वीच त्यानं गाडी उंच करून घेतली होती. टायर मोठे घातले आणि मागचा अ‍ॅक्सल व कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) यांच्यामध्ये ७५ मिलिमीटरचे लोखंडी ठोकळे बसवले. इंदूरला परत आल्यावर मिस्त्री म्हणाला, शॉकअप गेले. दोन्ही बदलले. उड्या तशाच.

मग मी माझा फोन चॅसीला टेपनं बांधला, कॅमेरा अ‍ॅक्सलकडे केला आणि भावाला चढावर पाठवलं. चित्रफीत सावकाश लावून पाहिली, तर पाटे नागमोडी झालेले! अ‍ॅक्सलच्या पुढचा भाग वर फुगलेला, मागचा खाली दबलेला. इंजिनाची ताकद मागे आणणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलेला असतो ते डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं) नाक चक्क आभाळाकडे.

न्यूटनचा तिसरा नियम शाळेत बंदुकीच्या धक्क्यावरून शिकवतात. तो इथे शिकवायला हवा. इंजिन चाकाला पुढे फिरवतं तेव्हा अ‍ॅक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उलट्या दिशेनं फिरू पाहतं. या गाडीत त्याला धरायला कमानीशिवाय कुणी नाही. आणि कमान पडली स्प्रिंग. पिळली की ऊर्जा साठवते, टायरची पकड सुटली की झटक्यात सरळ होते, टायर जमिनीवर आपटतो, पकड मिळते, पुन्हा पीळ. शिवाय शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस (कोनातही फिरू शकणारे सांधे) सारख्या कोनात असले तरच एकाचा वेग-चढउतार दुसरा खोडून काढतो. नाक वर गेलं की तो हिशेब बिघडतो आणि क्रॉस मार खातात.

ठोकळ्यांचा दोष किती? टायर जमिनीवर जो जोर लावतो, त्याची तरफ जमिनीपासून कमानीच्या बैठकीपर्यंत मोजायची. पूर्वी ती ४२ सेंटिमीटर होती. मोठ्या टायरनं ४ आणि ठोकळ्यानं साडेसात सेंटिमीटर वाढवले, म्हणजे जवळजवळ ५४. मागच्या चाकांवर १,००० किलो वजन आणि चांगली पकड धरली, तर जोर सुमारे ८,००० न्यूटन. पीळ ३,३६० वरून ४,३२० न्यूटन-मीटरवर गेला. पाटे मात्र तेच.

यावर उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार: अ‍ॅक्सलपासून पुढे चॅसीपर्यंत जाणारी लांब दांडी. लोहामंडीतून जाड भिंतीचा सीमलेस पाइप आणला. वजन तेवढंच ठेवून भरीव सळई घेतली असती तर दाबाखाली लवकर वाकली असती. धातू मध्यापासून जितका दूर, तितका तो वाकण्याला जास्त विरोध करतो. दांडी १.२ मीटरची केली, तर पुढच्या टोकाला ३,६०० न्यूटन सोसायचे, म्हणजे ३६० किलोचं वजन टांगल्यासारखं. निम्मी लांबी ठेवली तर दुप्पट.

खरी मारामारी मागच्या टोकाला. तिथे एक बोल्ट अ‍ॅक्सलच्या वर, एक खाली, अंतर २० सेंटिमीटर. ४,३२० भागिले ०.२ केलं तर प्रत्येकावर २१,६०० न्यूटन, म्हणजे दोन टनांहून जास्त. एकावर ताण, दुसऱ्यावर दाब. इथला ब्रॅकेट पातळ पत्र्याचा केला तर तो फाटणारच. वेल्डिंगही थांबत थांबत, आलटून पालटून करावं लागतं, नाहीतर उष्णतेनं हाउसिंगच वाकडं होतं.

आमची पहिली दांडी फसली. पुढचं टोकही आम्ही चॅसीला एका बोल्टवर खिळवलं होतं. उड्या थांबल्या, पण गाडी बैलगाडीसारखी आदळू लागली. कारण कमान दबताना अ‍ॅक्सल एका कंसात सरकतो आणि खिळलेल्या टोकाभोवती दांडी दुसऱ्याच कंसात फिरू पाहते. दोघांचं जमत नाही, मग कमान दबतच नाही. दुसऱ्या खेपेला पुढच्या टोकाला शॅकल लावलं, झोक्यासारखं लोंबतं. आता दांडी मागेपुढे हलते, पण वरखाली नाही. पीळ अडतो आणि कमान मोकळी राहते. इतकी साधी गोष्ट मला गॅरेजच्या जमिनीवर आडवं पडल्यावरच कळली, हे कबूल करतो.

एक आडगोष्ट: आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. हे भावाला सांगितलं. त्यानं विषय बदलला.

पुन्हा त्याच चढावर गेलो, फोन त्याच जागी बांधला. या वेळी डिफरन्शियलचं नाक जेमतेम हललं, पाटे वाकडे झाले नाहीत. चाकं उड्या न मारता एकसारखी फिरली, दगडावरून घसरून शेजारच्या काळ्या मातीत गेली, आणि चित्रफितीत त्यापुढे फक्त चिखल दिसतो.