‘किती टक्के?’ आणि ‘कसं चाललंय?’

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. मणक्याला मार बसल्यापासून कमरेखाली हालचाल नाही. शिवणकाम मात्र चालू आहे. मोटरच्या मशीनचं पायडल त्यांनी टेबलावर घेतलंय आणि डाव्या कोपराने ते दाबत त्या ब्लाऊज शिवतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते. एकदा जीवनाच्या गुणवत्तेची प्रश्नावली भरायला बसलो. “तुमचं आयुष्य एकंदर कसं चाललंय असं तुम्हाला वाटतं?” मी विचारलं. काकूंनी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, “कसं असणार ताई? ८० टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे आईचं.”

त्याने दिलेलं उत्तर खरं होतं, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं होतं. ही गल्लत घरोघरी होते आणि आमच्या क्षेत्रातही सर्रास होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरची टक्केवारी म्हणजे शरीराचं काय आणि किती गेलं, याचं मोजमाप. सांधा किती अंशात वळतो, स्नायूत किती ताकद आहे, नजर किती आहे, हे डॉक्टर तपासतात आणि ठरलेल्या सूत्राने आकडा काढतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंगही टक्क्यांवर ठरतो: ४०च्या खाली पांढरा, ४०पासून ८०च्या आतपर्यंत पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. कोणीही मोजलं तरी आकडा तोच यावा, अशी इथे अपेक्षा असते. हक्क वाटायचे तर असं मोजमाप हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बार्थेल इंडेक्सही याच बाजूचा. १९६५ साली प्रसिद्ध झालेली ही मोजणी आम्ही रोज वापरतो. जेवण, आंघोळ, कपडे घालणं, लघवी-शौचावरचा ताबा, पलंगावरून खुर्चीत सरकणं, जिना चढणं अशा १० गोष्टी, एकूण १०० गुण. व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःचं सगळं स्वतः करत असला, तरी मूळ मोजणीत तो ८०च्या वर जाऊच शकत नाही. सपाट जागी चालण्याचे १५ गुण असतात, खुर्ची चालवली तर त्यातले ५च मिळतात, आणि जिन्याचे १० पूर्ण जातात. दुसऱ्याची मदत किती लागेल, हे सांगायला बार्थेल उत्तम आहे. काकूंचे ६० आले. त्यावरून मुलाला कळलं, की सकाळी आंघोळीच्या वेळी घरात कोणीतरी हवं. एवढंच कळलं.

जीवनाची गुणवत्ता ही वेगळी गोष्ट. (‘जीवनमान’ हा शब्द मी टाळते. तो ऐकला की लोकांना फ्रिज, स्कूटर, पगार असं राहणीमान आठवतं.) जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा गाभा असा, की आपण ज्या संस्कृतीत राहतो, जी मूल्यं मानतो, त्यात आपल्या अपेक्षा आणि काळज्यांच्या संदर्भात माणसाला स्वतःचं आयुष्य कसं दिसतं. संघटनेच्या छोट्या प्रश्नावलीत (काकूंकडे मी तीच भरत होते) २६ प्रश्न आहेत, उत्तर एक ते पाच या आकड्यांत द्यायचं आणि विचारायचं ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल. दुखण्यामुळे कामं किती अडतात? आयुष्यात गोडी वाटते का? गरजेपुरता पैसा आहे का? माणसांशी संबंध कसे आहेत? येण्या-जाण्याच्या सोयीबद्दल समाधानी आहात का? एक प्रश्न हालचालीचाही आहे. तो मी ‘हिंडता-फिरता किती येतं?’ असा विचारते, ‘चालता येतं का’ असा कधीच नाही. चाकांवरूनही माणूस हिंडतो. काही जुन्या, नावाजलेल्या आरोग्य-प्रश्नावल्यांत मात्र थेट जिने चढण्याचे आणि मैलभर चालण्याचे प्रश्न आहेत. तिथे व्हीलचेअर वापरणाऱ्याचे गुण आधीच कापलेले असतात, आणि अहवालात तीच ‘गुणवत्ता’ म्हणून छापली जाते. याचा मला मनापासून राग येतो.

शरीराचा आकडा आणि गुणवत्तेचा आकडा यांची जोडी जमतेच असं नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांशी बोलून पाहिलं, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय असं सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला हे पटत नाही. मीही उलटं उदाहरण रोज बघते. पोलिओमुळे एका पायात कॅलिपर घालणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. बार्थेल पूर्ण १००. पण नोकरी सुटली, भाऊ बोलत नाही, रात्र रात्र झोप नाही. कागदावर त्यांना मदतीची काहीच गरज दिसत नाही.

घरच्यांनी दिलेली उत्तरं सहसा पेशंटच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा खालची येतात. त्यांचं प्रेम कमी असतं असं मुळीच नाही. त्यांना रोजचं उचलणं, धुणं, जागरण दिसतं. टेबलावरच्या पायडलकडे बघायची सवड त्यांना नसते.

पण ‘काकू आनंदात आहेत’ असा आकडा आला, की दुसरा धोका सुरू होतो. मग कोणीतरी म्हणतं, समाधानी आहेत ना, मग रॅम्प कशाला? अमर्त्य सेन यांनी हे फार आधी सांगून ठेवलंय: दीर्घकाळ कमीत राहिलेला माणूस कमीतच समाधान मानायला शिकतो. संघटनेच्या या प्रश्नावलीत सगळ्याची बेरीज करून एक आकडा काढत नाहीत, ते बरंच आहे. शरीर, मन, नातीगोती आणि परिसर असे चार विभाग वेगवेगळे मांडतात. परिसराचा विभाग मी सगळ्यात आधी बघते, कारण तो पेशंटपेक्षा त्याच्या गावाबद्दल जास्त बोलतो. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला इजा झालेले जवान राहतात. ती जागा त्यांच्यासाठीच उभारलेली आहे. नेमकी तीच इजा पेठेतल्या लाकडी जिन्याच्या वर राहणाऱ्या माणसाला झाली, तर टक्के तेच, बार्थेल जवळपास तोच, आणि परिसराचे गुण मात्र पार वेगळे. अपंगत्वासाठी या प्रश्नावलीला एक पुरवणीही आहे. स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात का, भेदभाव होतो का, लोक आपल्यात सामावून घेतात का, हे त्यात विचारतात.

त्या दिवशी मी मुलाला चहा टाकायला आत पाठवलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. काकू थोडा वेळ मशीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चांगलं चाललंय. चार लिही.” आयुष्याला अर्थ वाटतो का? “पाच.” येण्या-जाण्याची सोय? तिथे त्यांनी न बोलता एकवर बोट ठेवलं. दोन वर्षांत त्या फक्त दवाखान्यासाठी खाली उतरल्या होत्या, तेही खुर्चीसकट चौघांनी उचलून.

दिवाळीनंतर घरच्यांनी त्याच गल्लीत तळमजल्यावर बिऱ्हाड हलवलं. मी दोन्ही मोजण्या पुन्हा केल्या. बार्थेल ६०, एका गुणाचाही फरक नाही. येण्या-जाण्याच्या प्रश्नावर काकूंनी या वेळी तीनवर बोट ठेवलं. “चार कधी?” मी विचारलं. “बसमध्ये चढता येईल तेव्हा,” त्या म्हणाल्या आणि ब्लाऊजची बाही मशीनखाली सरकवली.