समलिंगी माणसाला निवडणूक लढवता येते

‘समलिंगी असल्याचं उघड सांगितलं की निवडणूक लढवायला कायद्याने बंदी,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सात रस्ता चौकात चहा पिताना एका काकांनी तो मलाही दाखवला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेच्या 377 कलमामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण ते कलम कृतीबद्दल होतं, उमेदवारीबद्दल नव्हे. शिवाय सज्ञानांचे संमतीचे संबंध 2018 पासून गुन्हा नाहीत.

विधानसभेच्या आमदारकीची पात्रता राज्यघटनेच्या 173व्या कलमात आहे: नागरिकत्व, किमान 25 वर्षं वय, शपथ. अपात्रतेची कारणं 191व्या कलमात आणि 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात. लैंगिक कल त्यात कुठेच नाही. कोणत्याही उमेदवाराचं अर्जासोबतचं नमुना 26चं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन उघडून बघा. खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण विचारलंय. लैंगिक कलाचा रकाना नाही. काकांनी चष्मा लावून ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं.