चॉकलेटच्या पेल्यात अंड्याचा बलक कशासाठी?

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या कारकिर्दीत, १७५५ साली, मेनों या पाककृतीलेखकाचा दरबारी भोजनांवरील एक ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गरम चॉकलेटची एक छोटी कृती आहे. जितके पेले पाणी तितक्याच चॉकलेटच्या वड्या घ्याव्यात आणि मंद आचेवर थोडा वेळ उकळाव्यात. वाढायच्या वेळी चार पेल्यांमागे अंड्याचा एक पिवळा बलक घालून, उकळी येऊ न देता मंद आचेवर ढवळत राहावे. आणि हे पेय आदल्या दिवशी करून ठेवले तर अधिक चांगले लागते, असे ती कृती सांगते. दुधाचा त्यात उल्लेख नाही. आजच्या वाचकाला बलक विचित्र वाटेल आणि पेय शिळे करून पिण्याचा सल्ला तर अधिकच विचित्र वाटेल. मात्र या सूचनांपैकी जवळजवळ प्रत्येकीमागे एक नेमके कारण आहे आणि ते रसायनशास्त्राच्या भाषेत मांडता येते.

चॉकलेट फ्रान्समध्ये आले ते स्पेनच्या वाटेने. स्पेनची राजकन्या ॲन हिचा विवाह १६१५ मध्ये तेराव्या लुईशी झाला आणि दरबारात या पेयाची ओळख वाढली. १६५९ मध्ये डेव्हिड शैयू नावाच्या माणसाला राज्यात चॉकलेट करून विकण्याचा विशेष परवाना मिळाला. परंतु चॉकलेट तयार करण्याचे खरे कसब नैर्ऋत्येकडील बायोन या शहराच्या वेशीवर, सेंट-एस्प्री या वस्तीत रुजले. स्पेन आणि पोर्तुगालमधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांनी ते तेथे आणले होते. ज्यांच्याकडून हे कसब शिकले, त्यांनाच वगळणारा चॉकलेट-कारागिरांचा संघ बायोनमध्ये १७६१ साली स्थापन झाला आणि काही वर्षांनी न्यायालयाने तो रद्द केला, ही गोष्ट या पेयाच्या इतिहासात विसरली जाऊ नये.

आता चॉकलेटच्या वडीकडे पाहू. कोकोच्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास मेद असतो; त्यालाच कोको बटर म्हणतात. बिया भाजून, सोलून, गरम दगडावर वाटल्या की हा मेद वितळून बाहेर येतो आणि कोरड्या बियांचा ओघळता लगदा होतो. त्यात साखर मिसळून तो थंड केला की वडी तयार होते. म्हणजे चॉकलेटमध्ये मेद हे माध्यम आहे आणि कोकोचे व साखरेचे कण त्यात विखुरलेले आहेत. पाणी जवळजवळ नाहीच. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा किंचित कमी तापमानाला वितळते, म्हणूनच वडी हातात टणक राहते आणि जिभेवर विरघळते.

अशा पदार्थात पाणी घालायचे म्हणजे त्याची सगळी रचना उलटी करायची असते. हा प्रयोग घरी सहज करता येतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडले तर ते पातळ होण्याऐवजी एकदम घट्ट, रवाळ आणि निस्तेज होते. साखर मेदात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. त्यामुळे ते थोडेसे पाणी साखरेच्या कणांवर पसरते, त्यांचा पृष्ठभाग चिकट होतो आणि कण एकमेकांना धरून गोळे करतात. अनेक जण येथेच निराश होऊन भांडे बाजूला ठेवतात. खरे तर त्याच मिश्रणात आणखी गरम पाणी किंवा दूध थोडे थोडे घालत जोराने ढवळले, तर एका क्षणी ते पुन्हा मऊ आणि चकचकीत होते. त्या क्षणी अदलाबदल झालेली असते: आता पाणी हे माध्यम आहे आणि मेद त्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तरंगतो आहे. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दूधही याच प्रकारचे पायस आहे. उत्तम गरम चॉकलेट म्हणजे विरघळवलेले चॉकलेट नव्हे, तर उलटवलेले चॉकलेट, असे मला म्हणावेसे वाटते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तिस यांनी १९९५ मध्ये हीच कल्पना पुढे नेली. त्यांनी चॉकलेट आणि पाणी यांचे पायस करून ते बर्फावर ठेवून फेटले. थंड होताना कोको बटर हवेच्या बुडबुड्यांभोवती गोठते आणि मलईचा थेंबही न वापरता फेटलेल्या मलईसारखा पदार्थ तयार होतो.

मात्र पायस टिकवणे अवघड असते. मेदाचे थेंब एकमेकांना भेटले की जुळतात, मोठे होतात आणि वर येतात. अठराव्या शतकात ही अडचण आजच्यापेक्षा फार मोठी होती. कोकोतील मेद दाबून बाहेर काढण्याची पद्धत नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांनी १८२८ मध्ये पेटंट घेईपर्यंत रूढ नव्हती, त्यामुळे वडीत बीचा सगळा मेद उतरत असे. तासन्‌तास घोटून चॉकलेट मऊ करणारे रोडोल्फ लिंट यांचे यंत्र १८७९ चे आहे. तोवर कण भरड असत. आज बहुतेक चॉकलेटमध्ये घातले जाणारे सोयाबीनचे लेसिथिन तर विसाव्या शतकातले. म्हणजे राजाच्या पेल्यात भरड कण, भरपूर मेद आणि निव्वळ पाणी होते. असे पेय थोडा वेळ ठेवले की वर तेलाचा तवंग येणार आणि तळाशी गाळ बसणार.

अंड्याचा बलक नेमका येथे उपयोगी पडतो. एका बलकात साधारण दीड ग्रॅम फॉस्फोलिपिडे असतात आणि त्यांत लेसिथिन प्रमुख असते. या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे मेदाकडे. मेदाच्या प्रत्येक थेंबाभोवती अशा रेणूंचा आणि बलकातील प्रथिनांचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि थेंब एकमेकांत मिसळेनासे होतात. आजचे कारखाने लेसिथिन वडीतच घालतात. दरबारचे आचारी ते पेल्यात घालत होते. लेसिथिन हे नाव आणि तो पदार्थ एकोणिसाव्या शतकात थिओडोर गॉब्ली या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने पुढे आणला आणि त्याने तो वेगळा काढला तोही अंड्याच्या बलकातूनच, हा योगायोग मला फार आवडतो.

उकळी न येऊ देण्याचा इशाराही तितकाच अचूक आहे. बलकातील प्रथिने सुमारे ६५ अंशांपासून घट्ट होऊ लागतात. पातळ केल्यावर आणि साखर मिसळल्यावर ती थोडे अधिक तापमान सोसतात, पण उकळत्या द्रवात त्यांच्या गुठळ्याच होणार. त्याच कृतीत बलकाऐवजी फेटलेला पांढरा भाग वापरण्याचा पर्याय दिला आहे आणि तेथे तो आधी थोड्याशा चॉकलेटमध्ये मिसळून मग भांड्यात ओतावा, अशी सूचना आहे. प्रथिनांना एकदम चटका बसू नये आणि ती हळूहळू पातळ व गरम व्हावीत, हा त्यामागचा हेतू.

आज पॅरिसमधील चहागृहांत मिळणारे दाट चॉकलेट प्रामुख्याने दुधात केलेले असते. रिव्होली रस्त्यावरील १९०३ पासूनचे अँजेलिना हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. तेथे चॉकलेटबरोबर फेटलेली मलई वेगळ्या वाटीत देतात. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते आणि ते मेदाच्या थेंबांवर स्वतःच पापुद्रा धरते, म्हणून दूध आल्यावर बलकाची गरज उरली नाही. पाव लिटर दुधात ७० टक्के कोकोचे ६० ग्रॅम चॉकलेट घातले तर पेल्यातील मेदाचे प्रमाण सुमारे ११ टक्के, म्हणजे सायीसकटच्या गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट होते. कोकोतील तुरट द्रव्ये दुधाच्या प्रथिनांना चिकटतात आणि तुरटपणा सौम्य होतो. चहात दूध घातल्यावर घडते तेच येथेही घडते.

परंतु दाटपणा केवळ मेदाचा नसतो. कोकोत थोडे स्टार्चही असते. मंद आचेवर काही मिनिटे शिजले की त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि द्रव आळतो. भरड कोकोकणांतील तंतूही पाणी धरतात, मात्र त्यांना वेळ लागतो. रात्रभर ठेवलेले पेय अधिक दाट आणि एकजीव लागते त्याचे मोठे कारण हे आहे. अशा दाट पेयाचा एक गुणधर्म जिभेला चटका देऊन समजतो. पातळ चहात वरचा थर थंड होऊन खाली जातो, खालचा गरम चहा वर येतो आणि सगळा पेला बऱ्यापैकी सारखा निवतो. दाट द्रवात हे अभिसरण मंदावते. वरचा थर निवतो, आतला तसाच राहतो. गरम पिठले ज्या कारणाने तोंड पोळते, त्याच कारणाने हे चॉकलेटही पोळते.

फेसाची गोष्ट वेगळी. जुन्या फ्रेंच चॉकलेटच्या भांड्याच्या झाकणाला एक भोक असे आणि त्यातून लाकडी घुसळणी आत सोडलेली असे. तिचा दांडा दोन्ही तळव्यांमध्ये धरून, आपण छोटी रवी फिरवतो तसा फिरवायचा. पाण्यातील प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात आणि दाट द्रव त्या पापुद्र्यांतून हळू निथळतो, म्हणून फेस टिकतो. पण वितळलेला मेद हा फेसाचा शत्रू आहे. तेलाचा सुटा थेंब पापुद्र्यावर पसरला की बुडबुडा फुटतो. म्हणजे फेस चांगला येणे ही मेद नीट बांधला गेल्याचीच खूण होय. बायोनमध्ये १८५४ पासून चालू असलेल्या काझनाव या दुकानात आजही चॉकलेट हाताने फेसाळून देतात.

मेनोंच्या कृतीतील एक ओळ शेवटी राखून ठेवली होती. जे रोज चॉकलेट करतात, ते दुसऱ्या दिवशीसाठी भांड्यात थोडेसे शिल्लक ठेवतात, असे तो लिहितो आणि त्यासाठी पावाच्या आंबवणाचा फ्रेंच शब्द वापरतो. वाचताना आपल्याला विरजण आठवते, पण येथे आंबण्याची क्रिया काहीच नाही. त्या उरलेल्या घोटात मेदाचे थेंब आधीच बारीक झालेले असतात, फॉस्फोलिपिडे आणि प्रथिने पाण्यात मिसळलेली असतात, कोकोचे कण रात्रभर भिजून फुगलेले असतात. नवी वडी त्यात पडली की तिचा मेद कोऱ्या पाण्याऐवजी अशा तयार द्रवात उतरतो आणि पापुद्रा धरणारे रेणू त्याला पहिल्या क्षणापासून भेटतात.