मठातली सल्लामसलत (संत बेनेडिक्टचा नियम, अध्याय ३)

पश्चिमेकडच्या ख्रिस्ती मठांमध्ये कुठलंही महत्त्वाचं काम हातात घ्यायच्या आधी ॲबटने (म्हणजे मठाधिपतीने) सगळ्या ब्रदरना (मठवासीयांना) बोलवून त्यांचं म्हणणं ऐकायची पद्धत. आधार संत बेनेडिक्टच्या (अंदाजे इ.स. ४८०–५४७) नियमातला, म्हणजे मठात कसं राहावं हे सांगणाऱ्या त्याच्या पुस्तकातला, ३रा अध्याय. नियमाचे एकूण ७३ अध्याय आहेत आणि त्यात हा अगदी छोटा आहे, पण पुढाऱ्याने नम्र असावं असं नुसतं सांगून न थांबता ते करायचं कसं याची रीत इथे दिलीय.

विषय ॲबटने स्वतः मांडायचा, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, मग एकट्याने विचार करून जे योग्य वाटेल ते करायचं. मतदान वगैरे नाही. ब्रदरनीही नम्रपणे बोलायचं, आपलंच घोडं पुढे दामटायचं नाही. किरकोळ बाबतीत फक्त ज्येष्ठांना विचारलं तरी चालतं आणि तिथे बेन सिरा या बायबलातल्या पुस्तकातलं वचन दिलंय, की सगळं सल्ल्याने कर म्हणजे मागाहून पस्तावणार नाहीस (हे पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट प्रतीत शोधत बसू नये).

सगळ्यांना बोलवायचं कारण बेनेडिक्ट असं देतो की जास्त चांगलं काय ते प्रभू पुष्कळदा धाकट्याला दाखवतो. आता मठात ज्येष्ठता ठरते ती प्रवेशाच्या वेळेवरून, दुसऱ्या तासाला आलेला पहिल्या तासाला आलेल्याच्या खाली, मग वय किंवा बाहेरचा हुद्दा काहीही असो (अध्याय ६३), म्हणजे धाकटा वयानेच लहान असेल असं नाही, आणि तिथेच बायबलातल्या शमुवेल आणि दानीएल यांनी पोरवयात वडीलधाऱ्यांचा न्याय केल्याची आठवण करून दिलीय.

सगळ्यांना विचारायचा हा विचार मूळचा कुणाचा, यावर बरीच भवती न भवती झालीय. ‘गुरूचा नियम’ नावाची एक निनावी नियमावली आहे, बेनेडिक्टच्या साधारण तिप्पट मोठी, आणि सुरुवातीचा बराच मजकूर दोन्हीकडे जवळपास शब्दशः सारखा आहे. पूर्वी सगळे धरून चालायचे की गुरूनेच बेनेडिक्टचा मजकूर फुगवला. १९४० च्या सुमारास फ्रान्समधल्या सोलेमच्या मठातल्या ऑगस्तँ जेनेस्तू यांनी हे उलटं केलं, गुरू आधीचा म्हणाले, आणि मग वादाला तोंड फुटलं. आदाल्बेर द व्होग्यूए यांनी दोन्ही नियमांच्या चिकित्सक आवृत्त्या काढून तीच बाजू पक्की केली, त्यांच्या मते गुरू रोमच्या आसपासचा, सहाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला. मेरिलिन डन यांनी १९९० मध्ये परत जुनी बाजू मांडली, पण बहुतेक अभ्यासक द व्होग्यूए यांच्याकडेच झुकतात आणि ३ऱ्या अध्यायापुरतं तरी तेच जास्त पटतं. कारण गुरूकडे सल्ल्याचा भाग स्वतंत्र नाहीच, ॲबट कसा असावा या प्रकरणाच्या शेपटाला जोडलाय. मठाची मालमत्ता सगळ्यांची आणि कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांना विचारा, आणि अपेक्षा नसलेल्याकडूनही चांगला सल्ला येऊ शकतो, इतकंच तो म्हणतो. धाकटा आणि प्रभूने दाखवणं हे बेनेडिक्टचं दिसतं. नम्रतेच्या १२ पायऱ्या (अध्याय ७) मात्र गुरूमार्फत आल्या असाव्यात, त्यांचं मूळ बेनेडिक्टच्या आधीचा मठजीवनावरचा लेखक कासियान याने दिलेल्या नम्रतेच्या १० लक्षणांत आहे.

६१व्या अध्यायात पाहुणा म्हणून आलेल्या परक्या मठवासीयाने नम्रपणे काही चूक दाखवली, तर प्रभूने त्याला कदाचित त्यासाठीच पाठवलं असेल असा विचार ॲबटने करावा, असंही आहे. पाहुण्याचं इतकं मनावर घेणारा नियम विरळाच!

नवव्या शतकात कॅरोलिंजियन राज्यात (शार्लमेनच्या घराण्याच्या) हा नियम सगळीकडे गेला. रोज सकाळी त्यातला एखादा भाग वाचायची जी बैठक असायची तिथेच कामकाजही चालायचं.

आजच्या कॅथलिक कायद्यात (१९८३ ची संहिता) कलम १२७ हे याच जातीचं. जिथे कायद्याने सल्ला घेणं सक्तीचं आहे तिथे तो न घेता वरिष्ठाने काही केलं तर ते रद्दबातल, पण सल्ला मानायची सक्ती नाही, फक्त तसंच भारी कारण असल्याशिवाय त्याविरुद्ध जाऊ नये, विशेषतः सगळ्यांचं एकमत असेल तर. आपल्याकडे वसई, मुंबईच्या चर्चमधल्या पॅरिश कौन्सिललाही असाच फक्त सल्ल्याचा अधिकार आहे (कलम ५३६). ज्यांना विचारलंय त्यांनी मत प्रामाणिकपणे द्यावं आणि बाब गंभीर असेल तर बाहेर बोलू नये, हेही १२७ मध्येच येतं.