जुनी छोटी गाडी घेताय? किंमत विचारायच्या आधी नंबर प्लेट बघा
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या खरेदीदारांसाठी: नाव लावणे, एनओसी, कर आणि कागदपत्रे

माझ्या मेहुण्याने कोल्हापूरकडची एक जुनी वॅगन आर घेतली. बेळगावात त्याच सालची केए-२२ ची गाडी त्याला अठरा हजारांनी महाग सांगितली होती. एजंट म्हणाला, "काय ओ, गाडी तीच, इंजिन तेच, नुसत्या प्लेटसाठी जास्त पैसे कशाला घालताय?" मेहुण्याला ते पटलं. गाडी त्याच्या नावावर व्हायला सात महिने लागले आणि वाचवलेल्या अठरा हजारांपेक्षा जास्त रक्कम करातच गेली. गाडी चांगली निघाली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण हिशेब चुकला होता, आणि आपल्या भागात तो बऱ्याच जणांचा चुकतो, कारण सीमा आपल्या अंगणातून जाते.

म्हणून पहिला प्रश्न गाडी कुठली आहे हाच. केए-२२ बेळगावची, केए-२३ चिकोडीची (निपाणीकरांची गाडी साधारण इथलीच), केए-२४ बैलहोंगलची, केए-४९ गोकाकची. यापैकी कुठलीही असली तरी गाडी कर्नाटकातलीच. आजीवन कर एकदा भरलेला असतो, तो पुन्हा लागत नाही, नंबरही बदलत नाही. फक्त मालकाचं नाव आणि पत्ता बदलतो. एमएच किंवा जीए प्लेट असेल तर सगळा मामला वेगळा. तिकडे पुढे येतो, आधी सोपं संपवून टाकू.

कर्नाटकातलीच गाडी असेल तर

पात्रतेच्या अटी फारशा नाहीत. गाडी नावावर करून घ्यायला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही. चालवायला लागतं, मालक व्हायला नाही. गाव ज्या आरटीओच्या हद्दीत येतं तिथल्या पत्त्याचा पुरावा मात्र हवा. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट चालतात. भाड्याने राहत असाल आणि आधारवर गावाकडचा पत्ता असेल, तर भाडेकरारासोबत आणखी काय लागेल ते आधी काउंटरवर विचारून घ्या.

कागद असे: मूळ आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, चालू विमा, चालू पीयूसी, घेणाऱ्याचं पॅन (नसेल तर फॉर्म ६०), दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, फोटो, आणि चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने 'मी गाडी विकली' असं आरटीओला कळवणं. फॉर्म ३० म्हणजे दोघांनी मिळून नाव बदलून मागणं. अर्ज परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर भरायचा, फीही तिथेच भरायची. केंद्राच्या दरानुसार हलक्या खासगी गाडीच्या नोंदणीची फी ६०० रुपये आहे आणि हस्तांतरणाची त्याच्या निम्मी. स्मार्ट कार्डाचे वेगळे. एजंट सांगतो त्या आकड्यातली सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे यावरून कळतं. मजुरी द्यायला हरकत नाही, पण ती 'फी' म्हणून देऊ नये.

मुदतीकडे लक्ष द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं.

आपल्याकडच्या नावांचं एक दुखणं इथे सांगायला हवं. मराठी घरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. कुणाच्या आधारवर तो तसाच असतो, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि कन्नड शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या कागदावर आडनावाचं स्पेलिंगच तिसरं. पोर्टल आधारवरून नाव उचलतं आणि आरसीवर तेच छापून येतं. पुढे गाडी विकताना किंवा विम्याचा दावा करताना हाच फरक आडवा येतो. तेव्हा अर्जाआधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या. महिना गेला तरी चालेल.

एमएच-०९, एमएच-१०, एमएच-०७ किंवा गोव्याची गाडी

कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग किंवा गोवा, यापैकी कुठलीही गाडी कर्नाटकात तुमच्या नावावर करायची तर तीन टप्पे आहेत. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला कर, आणि मग इथला नवा नंबर.

एनओसीचा अर्ज फॉर्म २८ मध्ये, आणि तो जुन्या मालकाने करायचा. ही एनओसी कर्नाटकातल्या कुठल्या आरटीओसाठी हवी ते अर्जात लिहावं लागतं. खानापूरकराने बेळगाव लिहायचं, निपाणीकराने चिकोडी. एजंटला सवयीने बेळगाव लिहायची घाई असते. चूक झाली की पुन्हा कोल्हापूर. एनओसी मिळायला गाडीवर ई-चलान थकलेलं नको, कर भरलेला हवा, विमा आणि पीयूसी चालू हवी, आणि गाडी चोरीची नाही याची पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदीतून खात्री व्हावी लागते. आंतरराज्य विक्रीत विकणाऱ्याला कळवायला ४५ दिवस मिळतात. तुमचे ३० दिवस मात्र तेवढेच राहतात. म्हणून पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावरच द्या. आधी निम्मे, एनओसी आल्यावर उरलेले, असं बॉण्डवर लिहून घ्या. आपल्याकडे 'बॉण्ड केलाय, काळजी नाही' म्हणायची पद्धत आहे. पण बॉण्डवर दोघांचा व्यवहार ठरतो, आरटीओच्या नोंदीत मालकाचं नाव बदलत नाही.

आता कर. खरी मेख इथे आहे. कर्नाटकात गाडीचा आजीवन कर मूळ किमतीवर लागतो, तुम्ही जुन्या गाडीला मोजलेल्या पैशांवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोटारीला १३ टक्के, पाच ते दहा लाखांच्या मोटारीला १४ टक्के, आणि त्यावर उपकर. बाहेरच्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे यात कपात मिळते. समजा, नवी असताना साडेचार लाखांची गाडी तुम्ही दीड लाखाला घेतली. १३ टक्के साडेचार लाखांवर धरले तर ५८,५०० रुपये. वयाच्या कपातीने ते निम्म्यावर आले तरी जवळपास ३० हजार उरतात. दीड लाखाच्या गाडीवर हा आकडा पाचवा हिस्सा होतो. नेमका आकडा आरटीओच काढतं, आणि त्यासाठी मूळ इन्व्हॉइस मागतं. जुन्या मालकाकडे इन्व्हॉइसची प्रत आहे का, हे गाडी बघायला गेल्याबरोबर विचारा. पाच वर्षांपूर्वीचं बिल कुठे ठेवलं ते बहुतेकांना आठवत नसतं.

महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी करातला उरलेल्या वर्षांचा वाटा परत मागता येतो. पण तो मागायचा तिथल्या आरटीओकडे, इथे कर भरून नवा नंबर पडल्याचा पुरावा जोडून, आणि नोंदीवर मालक जुना माणूसच असतो. ते पैसे कुणी घ्यायचे हे विक्रीच्या दिवशीच लिहून ठेवा. नंतर फोनवर हा विषय काढला तर समोरचा 'बघू की' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

एनओसी आणि कर झाल्यावर इथल्या आरटीओत नव्या नंबरसाठी फॉर्म २७, सोबत २९ आणि ३०, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि इन्व्हॉइस. गाडी तपासणीला न्यावी लागते. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतात का ते निरीक्षक बघतात. त्यानंतर केए नंबर आणि त्याची नवी हाय सिक्युरिटी प्लेट.

'बारा महिन्यांची सूट' म्हणतात ती काय?

चहाच्या टपरीवर हा सल्ला हमखास मिळतो: परराज्यातली गाडी वर्षभर चालवता येते, तोवर काही करू नका. कलम ४७ मध्ये १२ महिन्यांची गोष्ट आहे खरी. पण ती स्वतःची गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवणाऱ्यासाठी, नवा नंबर घेण्याच्या मुदतीची. तुम्ही गाडी विकत घेतलीय. तुमचं हस्तांतरण कलम ५० खाली येतं आणि तुमची मुदत ३० दिवसांचीच. दोन कलमांची ही खिचडी करूनच शहापुरात, टिळकवाडीत महिनोन्महिने दुसऱ्याच्या नावाच्या एमएच गाड्या फिरत असतात.

दुसरी युक्ती कागल-गडहिंग्लजच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घ्यायची. पाहुणा खरोखर गाडी वापरत असेल तर तो त्याचा प्रश्न. तुम्ही रोज बेळगावात चालवणार असाल तर अर्जातला पत्ता खोटा ठरतो, चलानं आणि नोटिसा पाहुण्याच्या दारात पडतात, आणि गाडी विकायच्या वेळी सही घ्यायला पुन्हा तिकडेच जावं लागतं. उलट बाजूही आहे. चंदगडची माणसं बाजाराला बेळगावात येतात आणि इथून केए गाडी घेऊन जातात. त्यांना इथली एनओसी आणि तिकडचा कर, असा हाच फेरा उलट्या दिशेने करावा लागतो.

कागद बघताना

पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्ज आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का हे दिसतं. गाडीच्या रंगाआधी हे बघा. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. आपल्या भागात कर्ज बहुतेक वेळा पतसंस्थेचं किंवा सोसायटीचं असतं. ती संस्था बंद पडली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर ते पत्र मिळवायला मोठी पायपीट होते. हप्ते फिटलेत असं तोंडी कितीही सांगितलं तरी नोंद पुसली जाईपर्यंत गाडी मोकळी नाही.

गाडीचं वय महिना धरून मोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीला त्याची फी ५,००० रुपये, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. चौदा वर्षांची स्वस्त सँट्रो घेताना हा खर्च पुढच्या वर्षी तुमच्या दारात उभा आहे हे धरूनच भाव करा.

कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर आणखी एक. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात तिकडच्या बऱ्याच गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, तळाशी मातकट रेघ दिसते का बघा. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा. विमा कंपनीकडे जुना दावा झालाय का तेही विचारा. आरटीओ हे काही तपासून देत नाही.

बाजारात गाडी पाहिलीत तर विक्रेत्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला ते लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर द्यायची असते आणि मग कायदेशीर जबाबदारीही त्याच्यावर येते. ज्याच्याकडे ते नाही तो तुमच्यासमोर जुन्या मालकाने सही करून ठेवलेले कोरे फॉर्म ठेवतो. कोऱ्या फॉर्मवर गाडी घेऊ नका. मधल्या काळात तो मालक वारला, तर वारसांकडून फॉर्म ३१, मृत्यू दाखला आणि सगळ्यांच्या संमती गोळा करत बसावं लागतं.

विकणाऱ्यालाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी कधीच विकली, हे सांगून सुटका होत नाही.

विमा आणि फास्टॅग

गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण तसं येत नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही. 'बोनस पन्नास टक्के आहे' असं सांगून कुणी भाव वाढवत असेल तर तो वाढवू देऊ नका.

फास्टॅगही जुन्या मालकाच्या खात्याचा असतो. मेहुण्याने तो तसाच ठेवला होता. कोगनोळीच्या टोल नाक्यावर कापलेले पैसे कोल्हापुरातल्या त्या माणसाच्या खात्यातून जात राहिले, आणि चार महिन्यांनी त्याचा फोन आला. नेमकी एनओसीवर सही बाकी होती तेव्हाच.