नोंद नसलेला रिपीटर : ओळख आणि निर्देशिकांची विश्वासार्हता

हौशी रेडिओच्या पट्ट्यांवर प्रत्यक्ष चालू असलेला, पण प्रसिद्ध निर्देशिकांमध्ये न सापडणारा किंवा चुकीच्या तपशिलांनी सापडणारा रिपीटर. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर प्रसारित करतो. पहिली त्याची इनपुट, दुसरी आउटपुट. तो पूर्ण ओळखायचा तर पाच गोष्टी हाती लागाव्या लागतात : आउटपुट, इनपुट, इनपुटला लागणारा टोन (रिपीटर उघडण्यासाठी आवाजासोबत पाठवायचा ठरावीक सूर), कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह) आणि जागा. या पाचांचा पुरावा एकाच ठिकाणी मिळत नाही. निर्देशिकेतले पाचही रकाने सारखे भरवशाचे नसतात, आणि बहुतेक गोंधळ एका रकान्याचा जुळलेला तपशील पाहून उरलेले चार खरे मानल्याने होतो.

यादीबाहेर राहण्याची कारणे

सर्वत्र लागू होणारी अधिकृत यादी नाही. ब्रिटनसारख्या देशांत बहुतेक रिपीटरांना स्वतंत्र परवानगी लागते, म्हणून तिथली यादी बरीच नेटकी असते. अमेरिकेत तसे नाही. १९७० च्या दशकात तिथे रिपीटरला डब्ल्यूआर ने सुरू होणारे वेगळे कॉलसाइन मिळत. आज तो परवानाधारकाच्या किंवा क्लबच्या कॉलसाइनवरच चालतो, आणि फ्रिक्वेन्सीचे समन्वयन, म्हणजे कोणत्या रिपीटरने कोणती फ्रिक्वेन्सी वापरावी हे ठरवणे, स्वयंसेवी संस्था करतात. ते सक्तीचे नाही. समन्वयित आणि असमन्वयित रिपीटर एकमेकांना अडथळा करू लागले, तर तो दूर करण्याची मुख्य जबाबदारी असमन्वयित रिपीटरच्या परवानाधारकावर येते, एवढेच एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाचा नियम ९७.२०५ सांगतो. त्याच नियमानुसार रिपीटर ठरावीक सभासदांपुरता बंदिस्त ठेवता येतो. अशा रिपीटरचे मालक यादीत नाव येऊ देत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

उलट बाजूला ‘कागदी रिपीटर’ असतात. समन्वयनाची नोंद आहे, फ्रिक्वेन्सी अडवलेली आहे, पण डोंगरावर यंत्र कधी बसलेच नाही किंवा केव्हाच उतरवले गेले. समन्वयनाची नोंद राखून ठेवलेली फ्रिक्वेन्सी दाखवते, हवेतले अस्तित्व दाखवत नाही.

ऐकलेला सिग्नल रिपीटरचा आहे का

पहिली खूण बोलणे संपल्यावर ऐकू येते. बोलणाऱ्याने बटण सोडले की रिपीटरशिवायच्या साध्या संपर्कात कॅरिअर, म्हणजे आवाज वाहणारी मूळ लहर, लगेच पडतो. रिपीटरचा कॅरिअर एक ते पाच सेकंद टिकतो, मध्ये बहुधा छोटासा बीप वाजतो आणि मग स्क्वेल्चची (सिग्नल नसताना रिसीव्हर मुका करणाऱ्या यंत्रणेची) खरखर येऊन शांतता होते. दोन वेगवेगळ्या व्यक्तींचा आवाज आलटून पालटून येत असताना सिग्नलची ताकद तसूभरही हलत नसेल, तर प्रसारण एकाच अँटेनातून होते आहे.

सॉफ्टवेअर रेडिओचा स्वस्त डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर) असेल तर काम सोपे होते. २ मीटर पट्ट्यात ऑफसेट, म्हणजे इनपुट आणि आउटपुटमधले अंतर, बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ आहे. आरटीएल चिपचा डोंगल एका वेळी २.४ मेगाहर्ट्झ दाखवतो. तो १४५.४०० वर ठेवला की युरोपीय मांडणीतले आउटपुट, म्हणजे १४५.६०० ते १४५.७८७५, आणि त्यांचे इनपुट एकाच वॉटरफॉलवर (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) दिसतात. जवळचा कोणी बोलू लागला की दोन पट्टे एकदम उमटतात. तो थांबला की खालच्या फ्रिक्वेन्सीवरचा पट्टा तुटतो, वरचा आणखी दोन-तीन सेकंद चालत राहतो आणि मग थांबतो. इतका चित्रासारखा स्पष्ट पुरावा दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाही, आणि त्यासाठी एकदाही प्रसारण करावे लागत नाही. ७० सेंटिमीटरवर ऑफसेट देशागणिक बदलतो : अमेरिकेत ५ मेगाहर्ट्झ आणि दिशा भागाप्रमाणे अधिक किंवा उणे, जर्मनीत ७.६, ब्रिटनमध्ये बहुतांशी १.६. ५ किंवा ७.६ मेगाहर्ट्झचे अंतर एका डोंगलच्या आवाक्यात येत नाही, तिथे दोन रिसीव्हर लागतात.

डोंगलची फ्रिक्वेन्सी आधी तपासून घ्यावी. २० पीपीएमची (दहा लाखांत २० भागांची) चूक ४४० मेगाहर्ट्झवर ८.८ किलोहर्ट्झ होते. चॅनेल १२.५ किलोहर्ट्झचे असतील तर सरळ शेजारच्या चॅनेलवर बोट ठेवले जाते आणि ‘नवा रिपीटर’ जन्माला येतो.

भूत सिग्नलही फसवतात. जवळचा जबरदस्त ट्रान्समीटर रिसीव्हरच्या आत मिसळून खोटा सिग्नल तयार करतो. अँटेनाच्या वायरीत १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) लावावा. खरा सिग्नल १० डेसिबलने उतरतो, रिसीव्हरच्या आत तयार झालेले तिसऱ्या क्रमाचे मिश्रण ३० ने उतरते, म्हणजे बहुधा नाहीसेच होते. दहा मिनिटांत येऊन जाणारा आणि फ्रिक्वेन्सीवर सरकत जाणारा सिग्नल उपग्रहाचा असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरचे आउटपुट ४३७.८०० आहे आणि डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, ते सुमारे १० किलोहर्ट्झ वर-खाली जाते. घरगुती डिजिटल हॉटस्पॉटही (इंटरनेटला जोडलेले छोटे ट्रान्समीटर) रिपीटर समजले जातात. त्यांची ताकद काही मिलिवॅट असते आणि काही शे मीटर चालले की ते लोप पावतात.

टोन

सर्वाधिक वेळ इथे जातो. सीटीसीएसएस, म्हणजे रिपीटर उघडणारे नेहमीचे टोन, ६७.० ते २५४.१ हर्ट्झ या पट्ट्यात असतात आणि आवाजाच्या खाली सतत वाजत राहतात. रेडिओतला ‘टोन स्कॅन’ आउटपुटवर चालवून मिळालेला आकडा इनपुटचाच असेल असे धरू नये. बरेच रिपीटर आलेला टोन गाळून टाकतात. काही आउटपुटवर स्वतःचा वेगळा टोन घालतात, तर काही घालतच नाहीत. इनपुटचा टोन हवा असेल तर रेडिओचे ‘रिव्हर्स’ दाबून इनपुटवर जायचे आणि जवळचा वापरकर्ता थेट ऐकू येत असताना तिथे स्कॅन करायचा.

सॉफ्टवेअर रेडिओत डिस्क्रिमिनेटरचा (एफएममधून आवाज काढणाऱ्या भागाचा) न गाळलेला आवाज स्पेक्ट्रमवर घ्यावा आणि ३०० हर्ट्झच्या खाली पाहावे. ६७.० च्या शेजारचे टोन दोन-अडीच हर्ट्झच्या अंतराने आहेत, त्यामुळे निदान एका सेकंदाचा नमुना हवा. अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यात ते एकमेकांत मिसळून दिसतात. वीजपुरवठ्याची गुणगुण ही दुसरी फसगत. ५० हर्ट्झ विजेच्या प्रदेशात रेक्टिफायरची गुणगुण नेमकी १०० हर्ट्झवर येते, आणि १००.० हा स्वतः एक प्रमाणित टोन आहे. ६० हर्ट्झच्या प्रदेशात १२० ची गुणगुण ११८.८ शेजारी उभी राहते. गुणगुण असेल तर तिच्या पटीतली शिखरेही दिसतात. टोन एकटा आणि स्वच्छ असतो.

एकही शिखर न दिसता तळाशी रुंद फुगवटा दिसला, तर टोनऐवजी अंकी कोड वापरणाऱ्या डीसीएसची शक्यता धरावी. हा १३४.४ बिट प्रतिसेकंद वेगाचा डिजिटल संकेत आहे. बटण सुटताना सुमारे २०० मिलिसेकंद १३४.४ हर्ट्झचा टोन येतो, तो टिपला की खात्री पटते. कोड लिहिताना ध्रुवता (संकेत सुलट की उलट) लिहिलीच पाहिजे : सुलट ०२३ आणि उलट ०४७ एकच आहेत, त्यामुळे दोन निर्देशिकांत दोन कोड दिसले तरी दोन्ही बरोबर असू शकतात. युरोपातल्या जुन्या रिपीटरांना अजून १७५० हर्ट्झची छोटी शिट्टी लागते.

कॉलसाइन

अमेरिकेत दर १० मिनिटांनी आणि संभाषणाच्या शेवटी ओळख देणे बंधनकारक आहे. आपोआप चालणाऱ्या मोर्स ओळखीचा वेग मिनिटाला २० शब्दांपेक्षा जास्त असता कामा नये. त्या वेगात एक डॉट ६० मिलिसेकंदांचा येतो. कानाने घाईत लिहून घेण्यापेक्षा ध्वनिमुद्रण करून निम्म्या वेगाने ऐकणे उत्तम. पुष्कळ रिपीटर कोणी वापरले तरच ओळख देतात, म्हणून स्क्वेल्च उघडताच सुरू होणारे मुद्रण आठवडाभर चालू ठेवावे.

डी-स्टार या डिजिटल पद्धतीत संदेशाच्या हेडरमध्येच (सुरुवातीच्या माहितीत) रिपीटरचे कॉलसाइन येते आणि आठव्या जागेवरचे अक्षर पट्टा सांगते : ए म्हणजे २३ सेंटिमीटर, बी ७० सेंटिमीटर, सी २ मीटर. डीएमआर या दुसऱ्या डिजिटल पद्धतीत कलर कोड (टोनसारखा ० ते १५ मधला आकडा), स्लॉट (वेळेचा वाटा) आणि टॉकग्रुप (संभाषणाचा गट) कळतात, पण सोबतचा सात अंकी क्रमांक बोलणाऱ्याचा असतो, रिपीटरचा नव्हे. त्याचे पहिले तीन अंक देश दाखवतात, भारतासाठी ४०४. क्रमांक १, २, १०१ असे लहान असतील तर तो बहुधा व्यावसायिक संच आहे.

ऐकू आलेले कॉलसाइन त्याच रिपीटरचे आहे, हेही गृहीत धरता येत नाही. जोडलेल्या जाळ्यांत दूरच्या केंद्राची ओळख सगळ्या केंद्रांतून बाहेर पडते. ओळखीच्या क्षणी इनपुटवर किंवा लिंकवर काय चालू होते ते पाहावे, आणि तीन-चार वेळा तेच कॉलसाइन आले तरच लिहावे. कॉलसाइनवरून मिळणारा पत्ता परवानाधारकाचा असतो. त्याला रिपीटरची जागा म्हणून नकाशावर टाकणे ही निर्देशिकांतली नेहमीची चूक आहे.

जागा

क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये सुमारे ४.१२ गुणिले दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळांची बेरीज. ९०० मीटर उंचीवरचा रिपीटर दीड मीटरवरच्या हातसंचाला तत्त्वतः १२९ किलोमीटरवरून ऐकू येतो. त्यामुळे ‘स्पष्ट येतो म्हणजे जवळ आहे’ हा तर्क टिकत नाही. हवेच्या थरांत सिग्नल अडकतो त्या दिवशी शेकडो किलोमीटरवरचा रिपीटर स्थानिक वाटतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी ऐकावे. एका दिशेने ऐकणाऱ्या यागी अँटेनाने निदान तीन ठिकाणांहून दिशा घ्यावी आणि ती ठिकाणे एका रेषेत नसावीत. शहरात इमारतींवरून परावर्तन होते, तिथली दिशा उंच मोकळ्या जागेवरून पडताळावी.

निर्देशिका किती भरवशाच्या

रिपीटरबुकसारख्या निर्देशिका वापरकर्त्यांनी पाठवलेल्या माहितीवर उभ्या आहेत. आउटपुट सर्वांत विश्वसनीय, कारण ते कोणीही ऐकू शकतो. टोन सर्वांत कच्चा. जागेच्या रकान्यात अनेकदा ज्या शहराला सेवा मिळते ते शहर असते. सहा अक्षरी ग्रिड संदर्भाचा (जागा सांगणाऱ्या नकाशाच्या चौकोनी संकेताचा) चौकोन उत्तर-दक्षिण ४.६ किलोमीटरचा असतो, त्याचा मध्य म्हणजे मनोरा नव्हे.

तीन याद्यांत तीच माहिती दिसली म्हणजे तीनदा पडताळणी झाली, असे नाही. याद्या एकमेकींतून उतरवल्या जातात. तीच टंकलेखनाची चूक तिन्हीकडे दिसली की मूळ एकच आहे हे ओळखावे. नोंद शेवटची केव्हा बदलली ती तारीख आधी पाहावी.

फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे रिपीटर जुळला, असेही नाही. एकच जोडी दूरदूरच्या अनेक रिपीटरांना दिलेली असते आणि त्यांच्यात फरक फक्त टोनचा असतो. नवा वाटणारा रिपीटर कित्येकदा यादीतलाच निघतो, फक्त टोन बदललेला असतो. उत्तर अमेरिकेत १४४.३९० आणि युरोपात १४४.८०० वर एपीआरएस (स्थान आणि छोटे संदेश पाठवणारी हौशी डेटा पद्धत) ऐकल्यास काही रिपीटर स्वतःची फ्रिक्वेन्सी आणि टोन तिथे जाहीर करताना सापडतात. छापील नोंदीपेक्षा ते ताजे असते.

‘बंद आहे’ ही नोंद सर्वांत सावधपणे करायची. निर्देशिकेतून संचात माहिती उतरवताना आउटपुट टोनचा चुकीचा आकडा डिकोडला (ठरावीक टोन आल्यावरच आवाज सोडणाऱ्या सोयीला) लागला, तर रिपीटर व्यवस्थित बोलत असूनही संच मुका राहतो, आणि वापरकर्ता तो बंद असल्याचे कळवतो. तपासताना डिकोड पूर्ण बंद ठेवावा. इनपुटवर प्रसारण केले तर कॉलसाइन सांगून करावे, नुसते बटण दाबून रिपीटर उठवू नये. दुरुस्ती पाठवताना तारीख, वेळ, ऐकण्याची जागा आणि अँटेना लिहावी, आणि फक्त ऐकले, ओळख ऐकली, टोनने उघडले की मालकाने सांगितले, हे वेगळे नोंदवावे. नवी नोंद घालण्याआधी कॉलसाइनच्या धारकाला विचारावे. त्याने नकार दिला तर तपशील स्वतःच्या वहीत ठेवावेत.