शाळेत संगणक कक्ष किंवा स्मार्ट क्लास हवाय? समग्र शिक्षाचा निधी असा मिळतो

‘डिजिटल शाळेसाठी अर्ज कुठे करायचा?’ असं मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य नेहमी विचारतात. समग्र शिक्षा अभियान ही शालेय शिक्षणासाठी केंद्र आणि राज्याची एकत्रित योजना. तिच्यात एकेका शाळेने भरून द्यायचा वेगळा फॉर्म नसतो. यू-डायस प्लसमधली, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती नोंदवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली, तुमची माहिती हाच खरा अर्ज. त्यामुळे ती भरण्याचं काम शेवटच्या रात्री घाईघाईत उरकू नका.

आधी पात्रता. योजनेच्या संगणक कक्ष आणि स्मार्ट क्लासच्या घटकात सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शासकीय आणि अनुदानित शाळा येतात. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा शासकीयमध्येच धरल्या जातात. स्वयंअर्थसहाय्यित शाळांना यातून काही मिळत नाही. चौथी-पाचवीपर्यंतच्या प्राथमिक शाळाही या घटकात बसत नाहीत, त्यांच्यासाठी पुढे पाहा.

संगणक कक्षासाठी प्रति शाळा 6.40 लाख रुपयांपर्यंत एकदाच, आणि पुढे पाच वर्षं दरवर्षी 2.40 लाखांपर्यंत आवर्ती खर्च, अशी तरतूद आहे. दोन स्मार्ट वर्गखोल्यांसाठी 2.40 लाख आणि वर्षाला 38 हजार. या कमाल मर्यादा आहेत. मंजुरी मिळाली म्हणजे एवढी रक्कम शाळेच्या खात्यात येईलच असं नाही. बऱ्याचदा खरेदी वरूनच होते आणि शाळेत थेट खोकी उतरतात. महाराष्ट्रात खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा असतो.

मागणी शाळेकडून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात जाते, तिथून मुंबईला, राज्यात ही योजना राबवणाऱ्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे. अंतिम मान्यता दिल्लीत शिक्षण मंत्रालयाचं प्रकल्प मान्यता मंडळ देतं. एप्रिलपासूनच्या वर्षाचा आराखडा त्याआधीच बांधला जातो, म्हणून दिवाळीनंतर लगेच पत्र द्या. मार्चमध्ये दिलेलं पत्र फाइलला लागतं, एवढंच.

आता यू-डायसबद्दल. वीज, इंटरनेट, संगणक, प्रोजेक्टर, संगणक कक्ष आहे की नाही, हे सगळं तिथे भरावं लागतं. लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही भिंतीवर टांगला म्हणून कौतुकाने ‘स्मार्ट क्लास आहे’ अशी नोंद केलीत, तर कागदावर तुमची गरज संपलेली दिसते. जुने बंद पडलेले संगणक चालू म्हणून दाखवले तरी तेच. बंद संगणकांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करणं, रीतसर करून घ्या.

मागणीपत्राला समितीचा ठराव जोडा (अनुदानित शाळेने संस्थेचाही), शिवाय यू-डायस रिपोर्ट कार्डची प्रत, इयत्तानिहाय पटसंख्या, खोली रिकामी आणि कोरडी असल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला, खिडक्यांची जाळी व कुलूप दिसेल असे फोटो आणि चालू वीजबिल. थकबाकीमुळे मीटर काढून नेलेल्या शाळेत संगणक देऊन उपयोग काय, हा प्रश्न वरच्या टेबलावर येतोच, आणि तो रास्त आहे. त्यामुळे बिल कोण भरणार हे ठरावातच लिहा: ग्रामपंचायत, समिती की लोकसहभाग.

प्राथमिक शाळांसाठी दुसऱ्या वाटा आहेत. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेची मागणी घालता येते. त्यासाठी ग्रामसभेत ती मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या, तोंडी आश्वासनावर थांबू नका. जिल्हा वार्षिक योजना आणि आमदार-खासदार निधीसाठी लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र आणि अंदाजपत्रक लागतं. ही कामं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेतून पुढे सरकतात.

मान्यता मंडळाचं इतिवृत्त शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतं. राज्याला किती शाळांसाठी मंजुरी मिळाली ते त्यात पाहा, आणि त्यात तुमची शाळा आहे का हे जिल्हा कार्यालयात विचारा. सामान आलं की पोचपावतीवर सही करण्याआधी प्रत्येक यंत्र सुरू करून पाहा, अनुक्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) चढवा आणि वॉरंटीची कागदपत्रं मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. पुरवठादाराचा माणूस ‘सही करा, बाकी नंतर बघू’ म्हणाला, तर त्याला चहा द्या, सही नको.